भुंकतो, पण नाव सांगत नाही: विषारी वायू हेरणाऱ्या सेन्सरच्या आत काय चालतं?

सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले दोघे गुदमरून गेले, त्यांना बाहेर काढायला गेलेला तिसराही वर आला नाही. ही बातमी इतक्यांदा छापून आली आहे की गावाचं नाव बदललं तरी बाकी मजकूर तोच राहतो. आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, "अहो, ऑनलाइन शंभर-दीडशे रुपयांत गॅस सेन्सर मिळतो. तो का नाही लावत?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी त्या बोटाच्या पेराएवढ्या डबीत काय असतं ते बघायला हवं. त्यात असतो धातूच्या ऑक्साइडचा एक थर. आणि गंमत अशी, की तो थर वास घेतच नाही. तो वेगळंच काहीतरी मोजतो. ते काय, हे एकदा कळलं की हा सेन्सर स्वस्त का, तिखट का आणि मधूनच मूर्खासारखा का वागतो, या तिन्हींचा उलगडा होतो.

आधी माप: पीपीएम म्हणजे किती?

विषारी वायूंची भाषा टक्क्यांची नसते, पीपीएमची असते. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात इंजेक्शनच्या सिरिंजने एक मिलिलिटर शाई सोडली, तर ती झाली एक पीपीएम.

भोपाळमध्ये 2 डिसेंबर 1984 च्या रात्री सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. कामाच्या जागी हवेत या वायूची चालवून घेण्याजोगी पातळी धरली जाते 0.02 पीपीएम. आपल्या टाकीच्या हिशोबात अर्धा थेंबसुद्धा नाही. विषारी वायू हेरणं म्हणजे काय कठीण काम आहे, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

देवाने नाक दिलंय की!

दिलंय, आणि ते चांगलंच तल्लख आहे. सडक्या अंड्यांचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा गटारातला मुख्य मारेकरी. तो एक पीपीएमपेक्षा कमी असला तरी आपल्याला जाणवतो. पण साधारण 100 पीपीएमच्या वर गेला की तोच वायू वास घेणाऱ्या नसा बधिर करतो. वास येईनासा होतो. उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, हवा सुटली. 500 ते 1000 पीपीएमच्या टप्प्यात माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. म्हणजे धोका जिथे सर्वांत जास्त, नेमकं तिथेच नाक राजीनामा देतं.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळ करताना होणारे मृत्यू त्याचेच. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास येतो तोही गॅसचा स्वतःचा नव्हे. आपल्याला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून खाली नेत आणि तो पक्षी मलूल झाला की माणसं वर येत. ही पद्धत तिथे थेट 1986 मध्ये बंद झाली. कॅनरीच्या जागी बसलेल्या यंत्रांच्या कुळातलीच आपली डबी आहे.

कथिलाचं भस्म आणि पेठेतला बोळ

कल्हईवाला भांड्याला जे कथील लावायचा, त्याच धातूचा प्राणवायूशी संयोग झाला की टिन ऑक्साइड तयार होतं. पांढुरकी भुकटी. जस्ताचं तसंच केलं तर झिंक ऑक्साइड. कॅलमाइन लोशनमध्ये असतं तेच. गॅस सेन्सरच्या दुनियेतले हे दोघे जुने खेळाडू. यांना सेमीकंडक्टर म्हणतात, कारण वीज वाहून नेण्याच्या बाबतीत ते तांब्यासारखे उदारही नाहीत आणि चिनीमातीसारखे कंजूषही नाहीत. विजेला होणाऱ्या अडथळ्याला आपण रोध म्हणू. हे दोन शब्द लक्षात ठेवले तर पुढे फारसं अडणार नाही.

आता पुण्यातल्या एखाद्या पेठेतला बोळ आठवा. बोळातून जाणारी वाहनं म्हणजे वीज वाहणारे इलेक्ट्रॉन. हवेतला प्राणवायू तापलेल्या टिन ऑक्साइडवर येऊन बसतो आणि तिथला एखादा इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. बोळाच्या दोन्ही कडांना लोकांनी स्कूटरी लावून टाकाव्यात, तसं. रस्ता अरुंद झाला, रहदारी तुंबली. रोध वाढला. स्वच्छ हवेत या थराची हीच नेहमीची अवस्था: दुतर्फा पार्किंग, मधून जेमतेम वाट.

अशात कार्बन मोनॉक्साइड आला. त्याला प्राणवायूची भूक. पृष्ठभागावरचा प्राणवायू उचलून तो कार्बन डायऑक्साइड होतो आणि निघून जातो. जाताना धरून ठेवलेला इलेक्ट्रॉन मोकळा होतो. टोइंगची गाडी आली, स्कूटरी उचलल्या, रस्ता रुंद झाला, रहदारी सुटली. रोध झपकन खाली. बाहेरचं साधं सर्किट फक्त एवढंच बघतं की रोध पडला, आणि भोंगा वाजवतं.

अल्कोहोलची वाफ, एलपीजी, हायड्रोजन, हायड्रोजन सल्फाइड हे सगळे टोइंगवाल्यांच्या जातीचे. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र उलट्या स्वभावाचा. तो स्वतःच इलेक्ट्रॉन धरून बसतो, म्हणजे बोळात आणखी स्कूटरी लावतो. त्यामुळे रोध वाढतो. त्याच्यासाठी टंग्स्टनचं ऑक्साइड जास्त पसंत केलं जातं.

तर मूळ मुद्दा हा. थर विषाला ओळखत नाही. आपल्या अंगावरचा प्राणवायू कोणीतरी खाल्ला, एवढंच त्याला कळतं.

मग थर पातळच का हवा?

बोळाची उपमा इथेच कामाला येते. सहापदरी महामार्गाच्या कडेला दोन स्कूटरी लावल्या तर रहदारीला काय फरक पडतो? काही नाही. चार फुटी बोळात एक जरी आडवी लावली तर शिव्यांचा गजर. प्राणवायूचा प्रभाव पृष्ठभागापासून आत जेमतेम तीन-चार नॅनोमीटर पोहोचतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. टिन ऑक्साइडची जाड वडी घेतली तर आतून वीज खुशाल वाहत राहील आणि वर काय चाललंय याचा तिला पत्ताही लागणार नाही. म्हणून थर शंभर ते काही शे नॅनोमीटरचा करतात. तुलनेला, आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो.

त्यातही हा थर काचेसारखा एकसंध नसतो. रव्याच्या लाडवासारखा असतो: कण कणाला चिकटलेला, मध्ये बारीक फटी. विजेला कणाकणावरून उडी मारत जावं लागतं आणि खरी कोंडी होते ती दोन कण भेटतात त्या सांध्यावर. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या नोबोरू यामाझोए यांनी 1991 मध्ये दाखवलं की कण सुमारे सहा नॅनोमीटरच्या आसपास आणला की सेन्सरची तिखटाई एकदम वाढते. हिशोब सरळ आहे. या बाजूने तीन, त्या बाजूने तीन. अख्खा कणच प्राणवायूच्या कब्जात. 'नॅनो' हा शब्द जाहिरातींनी पार गुळगुळीत करून टाकलाय, पण इथे त्याला अर्थ आहे.

याच विद्यापीठात 1962 मध्ये तेत्सुरो सेइयामा यांच्या गटाने झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्याने वायू ओळखता येतात हे दाखवलं होतं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची या जपानी गृहस्थांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा जपानमध्ये घरोघरी एलपीजी पोहोचत होता आणि गळतीने स्फोट होत होते. तागुचींनी पुढे काढलेली फिगारो ही कंपनी आजही हे सेन्सर बनवते आणि तिच्या मॉडेलांच्या नावातल्या 'टीजीएस'मधला 'टी' म्हणजे तागुचीच. त्यांचा थर मात्र पातळ नव्हता. जाडसर होता, पण सच्छिद्र, त्यामुळे वायू आतल्या कणांपर्यंत पोहोचायचा. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या 'एमक्यू' मालिकेच्या डब्यांत अजूनही त्याच घराण्याची रचना आहे: सिरॅमिकची इवलीशी नळी, वर टिन ऑक्साइडचा लेप, आत हीटरची तार.

तवा तापल्याशिवाय घावन सुटत नाही

एमक्यू-3 हा अल्कोहोलचा सेन्सर मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा दचकलो होतो. डबी चांगलीच गरम लागली. वाटलं, शॉर्ट झाला. पण ते तसंच असतं. आतला थर 200 ते 400 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो.

थंड तव्यावर घावन घातलं तर ते चिकटून बसतं, शिजतही नाही आणि सुटतही नाही. फार तापला तर पीठ टेकायच्या आत करपतं. थराचंही तसंच. थंड असताना वायू येऊन चिकटतो, प्राणवायूशी त्याची क्रिया होत नाही आणि हवेतली वाफही ठाण मांडून बसते. फार गरम असला तर वायू टिकत नाही, वरच्या वर जळून जातो, आतल्या कणांपर्यंत पोहोचतच नाही. मध्ये कुठेतरी एक नेमका ताव असतो आणि तो प्रत्येक वायूसाठी थोडा वेगळा असतो. हा 'थोडा वेगळा' पुढे उपयोगी पडणार आहे.

या तापण्याची किंमत आहेच. एमक्यू जातीची डबी सुमारे 0.8 वॉट खाते. पाच हजार एमएएचची मोबाइलची बॅटरी नुसता तेवढा हीटर एका दिवसात संपवेल. म्हणून नव्या सेन्सरमध्ये सिलिकॉनच्या चिपवर काही मायक्रॉन जाडीचा पडदा अधांतरी टांगतात आणि त्यावर पातळ थर चढवतात. तापवायचं सामानच इतकं कमी की तो काही मिलिसेकंदांत तापतो आणि गारही होतो. बॉशचा बीएमई680 हा तांदळाच्या जाडसर दाण्याएवढा सेन्सर याच पद्धतीचा आहे.

गळणाऱ्या गॅसमध्ये तापलेली तार? भडका नाही उडणार?

हा प्रश्न माझ्या आईने विचारला होता आणि तो माझ्या इंजिनिअर मित्रांपैकी एकालाही सुचला नव्हता. डबीच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी असते, बऱ्याचदा दुहेरी. ती शोभेची नाही. हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1815 मध्ये खाणकामगारांसाठी बनवलेल्या दिव्याची युक्ती हीच: वायू जाळीतून आत जातो, पण आत ज्वाळा पेटलीच तर जाळीच्या तारा तिची उष्णता शोषून घेतात आणि ती बाहेर येऊ शकत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची अक्कल आजच्या सेन्सरच्या डोक्यावर बसलेली आहे. तरीही पेट्रोल पंप किंवा रसायनांच्या कारखान्यात प्रमाणित, स्फोटरोधक पेटीतलीच यंत्रं लावावी लागतात. हौसेने जोडलेली डबी तिथे नको.

हा थर करतात कसा?

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट बघण्यासारखी असते आणि आपल्या जवळही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या कामासाठी नावाजलेला आहे. तिथल्या आणि राज्यातल्या कितीतरी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी ज्या पद्धतीवर हात बसवला ती म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. नाव भारदस्त, काम फवारणीचं.

काचेची पट्टी आधी घासून, धुऊन लख्ख करायची. बोटाचा ठसा राहिला तर तिथला थर पोपडा धरतो. पट्टी चारशे-साडेचारशे अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवायची. टिन क्लोराइडचं द्रावण दाबाच्या हवेने बारीक तुषार करून वरून मारायचं. तुषार तापलेल्या काचेवर टेकतात, क्षार फुटतो, क्लोरीन आम्लाच्या वाफांच्या रूपाने निघून जातो आणि टिन ऑक्साइड मागे उरतं. या वाफा घशाला झोंबतात, म्हणून सगळा कारभार धुरांड्याच्या कपाटात. फार जोरात फवारलं तर काच गार पडते किंवा थेट तडकते. म्हणून थोडं मारायचं, थांबायचं, पुन्हा मारायचं.

गार झालेली पट्टी उजेडात तिरकी धरली की पावसाळ्यात ओल्या डांबरावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग दिसतात: जांभळा, हिरवट, सोनेरी. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. हात बसलेला माणूस रंगावरून जाडीचा अंदाज बांधतो. मग चांदीच्या पेस्टचे दोन ठिपके, त्यांना तारा, पट्टी बंद पात्रात, खाली हीटर. ठरलेला वायू सिरिंजने आत सोडायचा आणि मीटरवर डोळे लावून बसायचं. हवेतला रोध भागिले वायूतला रोध, हा झाला प्रतिसाद. किती सेकंदांत आकडा पडला आणि वायू काढून घेतल्यावर किती वेळात पूर्वपदावर आला, याची नोंद. दुसरा आकडा नेहमीच रडवतो. पडायला काही सेकंद, सावरायला काही मिनिटं.

तो कोण आलं ते का सांगत नाही?

माझ्या स्वयंपाकघरातला अलार्म सॅनिटायझरच्या फवाऱ्याने ओरडतो. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा थिनरच्या वासाने त्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. खीर करताना वेलदोड्याला मात्र तो काही म्हणत नाही. राखणीच्या कुत्र्यासारखा आहे. भुंकतो, पण चोर आला की कुरिअरवाला, हे सांगत नाही.

कारण मघाचंच. थराला कळतं ते फक्त टोइंग झालं हे. गाडी कोणाची, हे कळत नाही. 20 पीपीएम अल्कोहोल आणि त्याहून कितीतरी जास्त मिथेन, दोन्हींमुळे रोध सारखाच पडू शकतो. म्हणून अशा सेन्सरच्या डबीवर 'एलपीजी सेन्सर' किंवा 'अल्कोहोल सेन्सर' लिहिलेलं असतं, ते 'याला प्रामुख्याने हे आवडतं' अशा अर्थाने घ्यायचं.

यातून एक मजेशीर फसवणूक निघते. हवेची गुणवत्ता दाखवणारी काही स्वस्त यंत्रं पडद्यावर 'सीओटू'चा आकडा दाखवतात, आधी बारीक 'ई' जोडून. पण कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून संपलेला माल, चुलीतली राखच. तो आणखी प्राणवायू काय खाणार? हा थर त्याच्याकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाही. यंत्र इतर वाफांवरून अंदाज बांधतं की खोलीत माणसं जास्त असावीत, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही जास्त असावा. पोह्यांना फोडणी दिली की या यंत्रांत 'गर्दी' झालेली दिसते ती त्यामुळे. खरा कार्बन डायऑक्साइड मोजायला इन्फ्रारेड किरणांचा सेन्सर लागतो आणि तो महाग असतो.

कुत्र्याला शिकवता येतं का?

बऱ्यापैकी. एक रस्ता म्हणजे थरावर पॅलेडियम, प्लॅटिनम किंवा सोन्याचे सूक्ष्म ठिपके पेरणं. हे ठिपके ठरावीक वायूंची क्रिया सोपी करतात, त्यामुळे त्यांना प्रतिसाद वाढतो. दुसरा रस्ता तापमान बदलत राहण्याचा. प्रत्येक वायूचा ताव वेगळा म्हटलं होतं ना? तवा कमी-जास्त करत आकडे घेतले की प्रत्येक वायूची चाल वेगळी दिसते.

पण मला सर्वांत आवडणारी युक्ती हायड्रोजन सल्फाइडची आहे आणि तिच्यावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झालं आहे. अणुसंशोधन केंद्राला गटारवायूशी काय घेणंदेणं? जड पाणी, म्हणजे काही अणुभट्ट्यांत लागणारं, नेहमीपेक्षा जड हायड्रोजन असलेलं पाणी. राजस्थानात कोट्याजवळ आणि तेलंगणात मणुगुरूला जड पाणी काढण्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणात वापरला जातो. गळती झाली तर धोका भयंकर.

युक्ती अशी. टिन ऑक्साइडच्या थरावर तांब्याच्या ऑक्साइडचे ठिपके बसवायचे. या दोन ऑक्साइडांचा स्वभाव विरुद्ध आहे, त्यामुळे ते भेटतात तिथे विजेपुढे दारच लागतं. रोध प्रचंड वाढतो. हायड्रोजन सल्फाइड आला की तांब्याच्या ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं आणि ते धातूसारखी वीज वाहू देतं. दार सताड उघडतं, रोध कित्येक पटींनी कोसळतो. स्वच्छ हवेत थर गरमच ठेवला की सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड होतं, दार बंद. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं काळी पडतात तीही गंधकाशी झालेली अशीच सोयरीक. अल्कोहोलजवळ किंवा एलपीजीजवळ गंधकाची ही किल्ली नाही, त्यामुळे त्यांना हे कुलूप उघडत नाही.

तिसरा रस्ता आहे कुत्र्यांची टोळी पाळण्याचा. वेगवेगळ्या आवडीनिवडीचे सेन्सर एकत्र ठेवायचे आणि कोण किती भुंकलं याचा नमुना संगणकाला ओळखायला लावायचा. 1982 मध्ये ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातल्या कृष्णा पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी अशा 'नकली नाका'वर शोधनिबंध लिहिला आणि इलेक्ट्रॉनिक नाकाची कल्पना रुजली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या कोलकाता केंद्राने असं नाक चहाचा सुगंध जोखण्यासाठी बनवलं. चहा काय नि विष काय, थराला दोन्ही सारखेच.

आता त्या गटाराकडे

शंभर रुपयांचा सेन्सर दोरीला बांधून मॅनहोलमध्ये सोडला तर काय होईल? तो आकडा देईल. त्या आकड्यावर विसंबून माणसाला खाली पाठवणं मात्र चुकीचं ठरेल आणि त्याची कारणं आतापर्यंतच्या गोष्टीतच आहेत.

खाली ओल भयंकर असते. पाण्याची वाफ थरावर जागा अडवते आणि आकडा सरकतो. हाच सेन्सर मे महिन्यात नागपूरला आणि जुलैत रत्नागिरीला स्वच्छ हवेतसुद्धा वेगवेगळं वाचन देतो. सीलंट किंवा हेअर सीरममधल्या सिलिकोनच्या वाफा लागल्या असतील तर थरावर काचेची अदृश्य साय धरते आणि तो कायमचा आंधळा होतो. बाहेरून पत्ता लागत नाही. दिवा जळतच राहतो. महिन्यागणिक मूळ रोधही आपोआप घसरत जातो, त्यामुळे ठरावीक वायू देऊन पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

आणि मुख्य अडचण. हा सेन्सर प्राणवायूच्या हिशोबावर चालतो. बंद टाकीत प्राणवायूच कमी झाला तर बोळात स्कूटरीच उरत नाहीत, मग टोइंग कसलं मोजणार? वाचन निरर्थक. शिवाय प्राणवायू नसणं हेच मरणाचं कारण असू शकतं आणि ते सांगण्यासाठी ही डबी बनवलेलीच नाही. हवेत प्राणवायू 21 टक्क्यांच्या आसपास असतो, 19.5 च्या खाली गेला तर आत जायचं नाही, हा सर्वमान्य दंडक.

म्हणून बंदिस्त जागांसाठी वापरतात ते चार वायूंचं मीटर: प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू. यातले विषारी वायूंचे सेल बहुतेक करून विद्युत-रासायनिक असतात, म्हणजे छोट्या बॅटरीसारखे. ते जास्त नेमके असतात, पण दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात. किंमत काही हजारांपासून पुढे. तेही झाकण उघडून वरच्या वर एकदा बघून भागत नाही. मैला सोडा वॉटरच्या बाटलीसारखा असतो. शांत आहे तोवर वायू आत दबलेला. फावडं घालून ढवळलं की भसकन बाहेर. वर ठीक दिसलेली हवा दोन मिनिटांत जीवघेणी होते. मीटर माणसाच्या छातीशी, सतत चालू हवं.

"म्हणजे यंत्र महाग, म्हणून माणसं मरतात?" तसं म्हणायला मी तयार नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायलाच बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. त्या रकमेत किती मीटरं येतात, ते ज्याने त्याने मोजावं. थर शहाणा करण्याचं काम प्रयोगशाळेचं. तो विकत घेऊन कामगाराच्या छातीला लावण्याचं काम तिचं नाही.

घरात लावायचा तर

स्वयंपाकघरात मात्र हा स्वस्त कुत्रा पाळायला हरकत नाही. इथे ओळखायचा वायू ठरलेला असतो, प्राणवायू भरपूर असतो आणि एलपीजी पेटण्याजोगा होण्यासाठी हवेत साधारण दोन टक्के, म्हणजे वीस हजार पीपीएम लागतो. सेन्सर त्याच्या कितीतरी आधी ओरडतो. फोडणीला चार वेळा उगाच भुंकला तरी चालेल, पाचव्यांदा गप्प राहायला नको. नवा आणला की दिवसभर चालू ठेवा. इतके दिवस डबीत बसून जमा झालेली ओल आणि घाण जळून गेल्यावरच तो ताळ्यावर येतो. महिन्यातून एकदा सिगारेटचा लायटर न पेटवता जवळ धरून, त्यातला गॅस सोडून बघा. आणि दर पाच-एक वर्षांनी, पाठीमागे छापलेली मुदत बघून, बदला.

जागा नीट निवडा. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. अलार्म फरशीपासून वीतभर-फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ.

आमच्या शेजारच्या काकूंकडे पाइपचा गॅस येऊन दोन वर्षं झाली. सिलिंडर परत केला, शेगडीचे जेट बदलून घेतले. अलार्म मात्र अजून ओट्याखाली, जिथे सिलिंडर असायचा त्याच्या शेजारी, हिरवा दिवा लावून इमानाने बसलेला आहे. येत्या रविवारी स्क्रूड्रायव्हर आणि स्टूल घेऊन जायचं ठरलंय.